ग्राफवरचं वर्तुळ अंड्यासारखं येऊ लागलंय (विहिरीभोवती ५०० मीटरचा गोल काढायचाय)

कोरडवाहू | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गाव अंबाजोगाई तालुक्यात. बीएस्सी करून शेती बघतो, जमेल तसं कॉम्प्युटरचंही काम करतो.

आमच्या गावात नळयोजनेची विहीर आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायची नाही, हा १९९३ च्या भूजल कायद्यापासूनचा आकडा गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण ५०० मीटर म्हणजे नेमकं कुठपर्यंत, यावर दर उन्हाळ्यात पारावर भांडणं होतात. म्हणलं आपणच काढून दाखवू. मोबाईलवर सगळ्या विहिरींचे अक्षांश-रेखांश घेतले. नळयोजनेची विहीर ०,० धरून बाकीच्यांचे आकडे त्यातून वजा केले आणि ग्नूप्लॉटमध्ये (आज्ञा लिहून ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर) ठिपके टाकले. दोन्ही अक्ष उणे ०.००८ ते ०.००८.

एक अंश म्हणजे १११ किमी, म्हणून ५०० भागिले १,११,००० करून त्रिज्या घेतली ०.००४५. मग कोन (टी) फिरवत बिंदू काढायची पॅरामेट्रिक पद्धत:

सेट पॅरामेट्रिक
प्लॉट ०.००४५*कॉस(टी), ०.००४५*साइन(टी)

(मोबाईलवरून लिहितोय, कीबोर्ड मराठीच आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे समजून घ्या.)

वर्तुळ येतं, पण आडवं, कोंबडीच्या अंड्यावाणी. हे घेऊन पारावर गेलो तर लोक हसतील. गोल कसं करायचं?

---

निम्मा_इंजिनिअर | रविवार, रात्री ९:३१

ते पॅरामेट्रिक सोड. थेट ऑब्जेक्ट टाक:

सेट ऑब्जेक्ट १ सर्कल ॲट ०,० साइज ०.००४५

गरगरीत येईल.

---

कोरडवाहू | रविवार, रात्री ९:४८

आलं की! एकदम कंपासनं काढल्यासारखं. धन्यवाद भाऊ, दोन दिवस डोकं खाल्लं होतं यानं.

चुलत्याला लगेच दाखवलं. त्यांना बोअर घ्यायचीय, जागा विहिरीच्या पूर्वेला, आमच्या तुरीच्या पट्टीत. ग्राफवर त्यांचा ठिपका गोलाच्या जरासा बाहेर पडतोय. खूश झाले. उद्या बोअरच्या गाडीवाल्याला इसार देणार म्हणायलेत.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ११:०५

थांबा जरा. इसार उद्या देऊ नका.

मी नांदेडला गणित शिकवतो. मुलं हीच चूक दर वर्षी करतात, म्हणून लिहितो. ग्नूप्लॉटचा सर्कल ऑब्जेक्ट पडद्यावर कायम गोलच दिसतो, मग अक्षांचं माप काहीही असो. त्रिज्या तो आडव्या अक्षावर मोजतो आणि तेवढ्याच लांबीनं वर-खाली फिरवतो. उभ्या अक्षावर काय आकडे आहेत हे तो बघतच नाही. तुमचं आधीचं अंडं खरं बोलत होतं. त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू आकड्यांच्या हिशेबात बरोबर जागी होता, फक्त कागद ताणलेला होता.

खात्री करून बघा. दोन ठिपके टाका, एक (०.००४५, ०) वर आणि एक (०, ०.००४५) वर. वर्तुळ दोन्हींतून जायला पाहिजे.

---

कोरडवाहू | सोमवार, सकाळी ६:५०

सर, पूर्वेच्या ठिपक्यातून बरोबर जातंय. उत्तरेचा ठिपका मात्र पार आत राहिला. गोलाचा माथा उभ्या अक्षावर ०.००६ च्या रेघेला टेकलाय. हे तर साडेसहाशे मीटरच्या पुढं गेलं! देवळामागच्या मळ्यातली विहीर मी आत धरली होती, ती बाहेरची निघाली. त्या विहिरीवाल्याला रात्री फोन करून सांगून बसलो की तुमची विहीर हद्दीत येते. आता काय तोंड दाखवू.

---

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ७:२०

ग्नूप्लॉटची खिडकी मुळात ६४० बाय ४८० ची, म्हणजे रुंदीला चार तर उंचीला तीन. दोन्ही अक्षांवर सारखेच आकडे, पण आडव्या जागेत ते ऐसपैस बसलेत आणि उभ्यात दाटीवाटीनं. म्हणून ०.००४५ ला चार तृतीयांशानं गुणलं की तुमचं ०.००६ येतं.

उपाय एका ओळीचा आहे: सेट साइज रेशो -१

उणे चिन्ह विसरू नका. नुसतं १ लिहिलं तर चौकट चौरस होते. तुमचे दोन्ही अक्ष सारखे आहेत म्हणून तुमचं त्यातही भागेल, पण उद्या उभा अक्ष वाढवलात की पुन्हा तेच. उणे १ लिहिलं की दोन्ही अक्षांवरचं एक एकक सारख्याच लांबीचं होतं. मग पॅरामेट्रिक काढा की ऑब्जेक्ट टाका, दोन्ही एकमेकांवर बसतील. नाही बसले तर कुठंतरी घोळ आहे. मी वर्गात दोन्ही काढायलाच लावतो.

---

वाळूज_शिफ्ट | सोमवार, दुपारी २:१०

पायथन भाषेत ग्राफ काढायचं मॅटप्लॉटलिब आहे, तिथं याच्या बरोबर उलटं. तिथला सर्कल आकड्यांना इमानदार असतो, अक्ष सारखे नसले की सरळ अंडं होतो. म्हणून सेट_ॲस्पेक्ट('इक्वल') लिहायचं. नवीन पोरं दोन ठिकाणी अडकतात. एक, ॲड_पॅच केल्यावर अक्ष आपोआप मोठे होत नाहीत. ० ते १ ची रिकामी चौकट दिसते आणि पोरगं म्हणतं वर्तुळ आलंच नाही. आलेलं असतं, चौकटीबाहेर. दुसरं, स्कॅटरचा मोठा ठिपका काढून त्यालाच वर्तुळ म्हणायचं. त्या ठिपक्याचं माप कागदाच्या पॉइंटांत असतं, तेही पॉइंट गुणिले पॉइंट असं. झूम केलं तरी तेवढाच राहतो. ५०० मीटर आणि त्याचा काही संबंध नाही.

आमच्या कंपनीत एकानं ड्रिल केलेल्या भोकांची जागा अशाच ठिपक्यांनी तपासली होती. सगळी भोकं पास. पुढचं विचारू नका.

---

शाळामास्तर_परभणी | सोमवार, दुपारी ३:३५

आमच्याकडं ग्नूप्लॉट वगैरे काही नाही, शाळेच्या कॉम्प्युटरवर एक्सेल आहे. त्यात जमतं का?

---

वाळूज_शिफ्ट | सोमवार, दुपारी ४:००

जमतं सर. एका रकान्यात ० ते ३६० अंश, पुढच्या दोन रकान्यांत त्रिज्या गुणिले कॉस आणि साइन. अंशाचं रेडियन करायला विसरू नका, नाहीतर रांगोळी येते. मग एक्सवाय स्कॅटर, ठिपके जोडणारा. दोन्ही अक्षांचे कमाल-किमान आकडे स्वतः सारखे भरा आणि आतली चौकट माऊसनं ओढून चौरस करा. हे शेवटचं नजरेनंच करावं लागतं, तिथंच एक्सेल कमी पडतं. पोरांना दाखवायचं असेल तर जिओजेब्रा घ्या, फुकट आहे, आणि मुळात दोन्ही अक्षांचं प्रमाण १:१ च असतं. चुकून एखाद्या पोरानं अक्ष ओढून बिघडवलं तर उजवं बटण दाबून परत १:१ करता येतं.

---

निम्मा_इंजिनिअर | सोमवार, संध्याकाळी ६:१५

माझ्यामुळं घोळ झाला, माफी. पण मी कॉलेजात वाय बरोबर वर्गमूळ(आर वर्ग वजा एक्स वर्ग), अधिक आणि उणे, असं दोनदा काढायचो, तेव्हा वर्तुळ दोन्ही बाजूंना फाटलेलं यायचं. तेव्हापासून ऑब्जेक्टच वापरतो.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री ८:४०

माफी कसली. फाटतं कारण ग्नूप्लॉट सांगितलं नाही तर एक्स अक्षावर १०० च ठिकाणी थांबून वाय काढतो. अक्ष उणे १० ते १० आणि त्रिज्या ५ असेल तर त्याचा आतला शेवटचा थांबा ४.९५ च्या आसपास पडतो. पुढचा थांबा ५ च्या पलीकडं, तिथं वर्गमुळात उणे संख्या, म्हणून तो काही काढत नाही. ४.९५ ला वाय अजून ०.७ आहे. म्हणजे कडेला वर ०.७ आणि खाली ०.७ एवढी खिंड उघडी. सेट सॅम्पल्स १०,००० केलं तर खिंड बुजल्यासारखी वाटते. पण कडेला वर्तुळ जवळजवळ उभं चढतं, तिथं एक्सच्या पावलांनी चालणं मुळातच चुकीचं. कोन घेऊन फिरलं की सगळीकडं सारखीच पावलं पडतात.

---

बिंदुसरा | सोमवार, रात्री १०:२२

सरांचं सगळं बरोबर आहे, पण कोरडवाहू भाऊ, तुमची अडचण अजून संपली नाही. मी बीडला नकाशांचंच काम करते.

एक अंश म्हणजे १११ किमी, हे उत्तर-दक्षिण खरं आहे. पूर्व-पश्चिम नाही. रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडं जाताना जवळ येतात. अंबाजोगाई १८.७ अंशावर, तिथं रेखांशाचा एक अंश साधारण १०५.५ किमीच भरतो आणि अक्षांशाचा ११०.७. म्हणजे तुमचं ०.००४५ उत्तरेला ४९८ मीटर होतं, पूर्वेला मात्र ४७५. कागदावर गोल दिसलं तरी जमिनीवर ते दोन्ही बाजूंनी दाबलेलं आहे.

चुलत्यांच्या जागेच्या रेखांशाचा फरक किती आहे?

---

कोरडवाहू | सोमवार, रात्री १०:३०

०.००४६. अक्षांशात जवळजवळ फरक नाही, सरळ पूर्वेला आहे.

---

बिंदुसरा | सोमवार, रात्री १०:३४

४८५ मीटर. आत आहे.

---

कोरडवाहू | सोमवार, रात्री १०:३६

मेलो. इसार देऊन आलेत सकाळीच.

---

बिंदुसरा | सोमवार, रात्री १०:५५

सरांनी थांबा म्हणलं होतं ना दादा! असो. आता अंशांत काही काढूच नका. विहीर ०,० आहेच, तर रेखांशाच्या फरकाला १,०५,५०० नं गुणा, अक्षांशाच्या फरकाला १,१०,७०० नं. दोन्ही अक्ष मीटरमध्ये येतील. मग त्रिज्या सरळ ५०० आणि साइज रेशो -१. गावापुरत्या अंतराला हा हिशेब पुरतो.

अंश ठेवायचेच असतील तर रेशो -१.०५ द्या, म्हणजे उभं एकक तेवढं लांब होईल, आणि आडवी त्रिज्या ०.००४७४. पण पारावर दाखवायला मीटरच बरे, कुणी पट्टी लावली तर उत्तर देता येतं.

क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर बफर, म्हणजे ठिपक्याभोवती ठरावीक अंतराची हद्द, काढण्याआधी ठिपक्यांचा थर यूटीएम झोन ४३ मध्ये न्या, तिथं मापं अंशांऐवजी मीटरमध्ये असतात. अंशांतल्या थरावर ५०० चा बफर मागितला तर ते ५०० अंश समजतं आणि पृथ्वी पुरत नाही. आणखी एक, तिथं सेगमेंट मुळात ५ असतात, म्हणजे पाव वर्तुळाला पाचच रेघा. तुमचं वर्तुळ म्हणजे खरं तर वीस बाजूंचा बहुभुज होतो. प्रत्येक बाजूच्या मध्यावर तो खऱ्या गोलापेक्षा सहा मीटर आत असतो. सेगमेंट ५० करा, काही पैसे पडत नाहीत.

---

किनवटकर | सोमवार, रात्री ११:४०

ताई, मी झोन ४३ टाकून बघितलं, माझे ठिपके कडेला कुठंतरी जाऊन पडायलेत.

---

बिंदुसरा | मंगळवार, सकाळी ८:०५

किनवट ७८ अंश रेखांशाच्या पलीकडं आहे. झोन ४३ हा ७२ ते ७८ रेखांशांचा पट्टा. बाकी मराठवाडा जवळजवळ सगळा त्यात बसतो, तुम्ही मात्र ४४ मध्ये जाता.

---

मांजरा_खोरं | मंगळवार, दुपारी १:१५

विषय निघाला म्हणून सांगतो. मी औशाकडचा, भूगोल शिकवतो. भूकंपाचा केंद्रबिंदू शोधायचा प्रयोग आम्ही मुलांकडून ग्राफवर करून घेतो. भूकंपमापन केंद्रावर आधी पी लाट पोचते, मग एस. दोन्हींतल्या सेकंदांना ८ नं गुणलं की केंद्रापासूनचं अंतर ढोबळमानानं किलोमीटरमध्ये मिळतं. तीन केंद्रांभोवती तीन वर्तुळं, ती जिथं भेटतील तिथं भूकंप. आमच्याकडच्या मुलांना किल्लारी सोडून दुसरं उदाहरण द्यावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, ६.२ तीव्रता. माझ्या वर्गातल्या बहुतेक पोरांच्या घरी त्या रात्रीची काहीतरी वस्तू जपून ठेवलेली आहे.

तर एक वर्षी वर्तुळं भेटेनात. पुणं, हैदराबाद आणि तिसरं एक केंद्र घेतलं होतं. हैदराबाद साधारण २२० किमी, पुणं २९०. मी ताईंनी सांगितलेलीच चूक केली होती, सगळीकडं १११. पुण्याहून किल्लारी जवळजवळ सरळ पूर्वेला, त्यामुळं पुण्याचं वर्तुळ पंधरा किलोमीटर अलीकडंच थांबलं. एका मुलीनं हात वर केला, "सर, भूकंप आमच्या गावात झालाच नाही म्हणायलाय तुमचा ग्राफ." तिचं गाव किल्लारीच्या शेजारचंच. मला फळ्याकडं तोंड करून उभं राहावं लागलं.

आता आधी सगळ्या केंद्रांची जागा किलोमीटरमध्ये करून घेतो, मगच कंपास.

---

फक्कीवाला | मंगळवार, रात्री ९:००

जालन्याहून. विहिरी बांधायची कामं करतो, पंचवीस वर्षं झाली. तुमचं कॉम्प्युटरचं वाचून करमणूक झाली, राग नका मानू.

आम्ही मधोमध खुंटी ठोकतो, दोरी बांधतो, दुसऱ्या टोकाला फक्कीची पुडी घेऊन गडी फिरतो. झालं वर्तुळ. पण त्यातही खोटं शिरतं. सुती दोरी ताणल्यावर वाढते. सकाळी दवात भिजली की आखडते. आणि गडी उताराकडं गेला की नकळत सैल धरतो. म्हणून फिरवून परत पहिल्या जागी आल्यावर फक्कीची रेघ रेघेला मिळाली का बघायचं. नाही मिळाली तर पुसून परत. एका मालकानं मला घाई केली, मिळालेली नसताना खोदायला लावलं. कडी टाकताना एका बाजूला वीतभर माती उरली, ती परत आम्हीच काढली, फुकटात.

तुम्ही ते दोन ठिपके टाकून बघा म्हणलात ना, ते आवडलं. तसंच आहे हे.

---

वाळूज_शिफ्ट | मंगळवार, रात्री ९:२०

काका, एक नंबर.

---

कोरडवाहू | बुधवार, रात्री ८:१०

मीटरमध्ये करून नवीन ग्राफ काढला. पॅरामेट्रिक आणि ऑब्जेक्ट दोन्ही, एकावर एक बसले. उत्तरेचा ठिपका, पूर्वेचा ठिपका, दोन्हींतून रेघ गेली. सर, ताई, पाया पडतो.

पण प्रिंट काढायला तालुक्याला गेलो तर दुकानातल्या पोरानं चित्र पान भरून दिसावं म्हणून कोपरा सोडून बाजूनं ओढलं. परत अंडं! त्याला म्हणलं अरे हे वर्तुळ आहे, तर म्हणतो, "आहे की गोल, जरासं." तिथंच उभं राहून कोपऱ्यातून ओढून घेतलं आणि पट्टीनं आडवं-उभं मोजलं, दोन्हीकडं १४ सेंटिमीटर. मग पैसे दिले.

---

गोदाकाठ | बुधवार, रात्री ८:४५

पट्टीनं मोजलंत हे छान केलंत. आता एकच सांगतो. मोबाईलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटर इकडं-तिकडं दाखवतं, झाडाखाली किंवा भिंतीजवळ त्याहून जास्त. तुमचा फरक १५ मीटरचा आहे. ग्राफवर आत आहे म्हणून भांडू नका आणि बाहेर आहे म्हणूनही नाही. जमिनीवर टेप लावा. ग्राफ फक्त कुठं टेप लावायचा ते सांगतो.

---

कोरडवाहू | शनिवार, रात्री ९:३०

टेप लावला. मी, चुलता, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि बघे पाच-सात. ३० मीटरचा टेप, तुरीतून सरळ रेषेत, मधे नाला. सोळा वेळा पूर्ण टेप आणि वर ८ मीटर. ४८८. आतच.

चुलता अर्धा तास बोलला नाही. मग म्हणाला, तुझ्या आधीच्या चित्रात बाहेर होतं, तेच चित्र चांगलं होतं.

परवानगीसाठी अर्ज करा म्हणलं तर नको म्हणाले, जागाच पूर्वेला सरकवू. पण जागा पाणाड्यानं दाखवलेली, तळहातावर नारळ आडवा धरून, जिथं उभा राहिला तिथं खूण केलेली. ती सोडून पाणी कसं लागणार, हा त्यांचा प्रश्न. गाडीवाल्यानं इसार परत देत नाही, तारीख मात्र पुढं ढकलतो म्हणलंय.

आज पाणाड्याला परत आणलं. मी फक्कीनं ५०० ची कमान आखून ठेवली होती, त्याच्या पलीकडं बांधापर्यंत वीस-बावीस मीटर आपली पट्टी आहे. गडी कमानीच्या आत हिंडला, नारळ गप्प. कमान ओलांडून आठ-दहा पावलं गेला आणि नारळ उभा.

पाचशे रुपये घेतले परत.

---

फक्कीवाला | शनिवार, रात्री ९:४२

त्यानं फक्की बघितली असणार.

---

किनवटकर | रविवार, सकाळी ७:१५

ताई, झोन ४४ केल्यावर बसलं. आता सेगमेंट ५० कुठं टाकायचे ते सापडंना गेलंय.